दोन्ही दिवे हिरवे

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्काराची लांबण लावत नाही. लावली तर तू म्हणशील, दीडशहाणीला आज काहीतरी हवंय. हवंच आहे. हे पत्र तू शेवटपर्यंत वाचावंस, एवढंच. फोन तू चार वर्षांत उचलला नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता आईच्या वहीतून घेतला, तिला न विचारता.

आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. भाजी उकळत असली की मला हाक मारून म्हणते, "मी मीठ घातलं की नाही ते जरा तुझ्या यंत्राला विचारून सांग. माणसाच्या सांगण्यावर तुझा विश्वास नसतो ना." तू गेल्यापासून हे सुरू आहे. मी निमूट चव घेऊन सांगते.

आता कामाचं. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवीन कंट्रोलरची चाचणी चालली होती. तुमच्या कागद कारखान्यात त्या मोठ्या गुंडाळणी यंत्राशेजारी जो करडा डबा होता, त्याचाच धाकटा भाऊ. डबा नवा, आतला प्रोग्राम जुनाच, म्हणजे माझा. टेबलावर दोन दिवे जोडले होते. एक पुढच्या पॅनलचा, बटण दाबल्यावर ऑपरेटरला "यंत्र सुरू होतंय" सांगणारा. दुसरा मागच्या बाजूचा, फिटरला "आता हात घाला" सांगणारा. हे दोन्ही दिवे एका वेळी हिरवे होऊच शकत नाहीत. प्रोग्रामचा सगळा जीव तेवढ्यासाठीच आहे.

मंगळवारी दुपारी ते दोन्ही एकदम हिरवे झाले. मी जेवणाचा डबा उघडत होते, तो तसाच मिटला.

तुझ्या जोडीच्या मास्तर फिटरांची तीन बोटं गेली त्या दिवशी तू हेच सांगत होतास. यंत्र बंद ठेवायची किल्ली फिरवली, दिवा हिरवा झाला, मगच मास्तरांना हात घालायला सांगितलं. आणि ऑपरेटर सांगत होता की बटण दाबल्यावर त्याच्याकडेही हिरवा लागला, म्हणजे किल्ली फिरवलेली नव्हती. तेव्हा मी अहवालात लिहिलं होतं की दोघांपैकी एकाचं सांगणं चुकीचं असलं पाहिजे, आणि डब्याच्या नोंदवहीत "चालू" ही ओळ आधी आहे, "किल्ली" नंतर. म्हणून चुकीचं सांगणारा तू.

त्या निष्कर्षाचा फेरविचार व्हावा अशी शक्यता दिसते. वाक्य कसं ऑफिशियल झालंय बघ. खाई त्याला खवखवे.

तुझी,
दीडशहाणी


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. यायला हवं होतं असंही नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वहिनीने ते निदान कपाटात तरी ठेवलं असेल.

मागच्या पत्रात मी शब्दांचा धुरळा उडवला. आज नीट सांगते. तू नेहमी म्हणायचास, ज्याला आपलं काम आईला समजावता येत नाही त्याला ते स्वतःलाच समजलेलं नाही. आईला समजावून पाहिलं. तिला पहिल्या खेपेत कळलं, माझाच जरा अपमान झाला.

त्या डब्यात एक मेंदू नसतो, चार असतात. चार कामगार म्हण. एका खोलीत, एकमेकांशी न बोलता काम करतात. भिंतीवर एकच फळा. ज्याला जे कळवायचं ते त्याने फळ्यावर लावायचं आणि दुसऱ्याचं फळ्यावरच वाचायचं. तुझ्या किल्लीकडे लक्ष ठेवणारा एक, ऑपरेटरच्या बटणाकडे लक्ष ठेवणारा दुसरा. नियम साधा. किल्लीवाल्याने आधी फळ्यावर लिहायचं "किल्ली बंद", मग पाहायचं की "यंत्र सुरू" असं कुणी लिहिलंय का. नसेल तर तुझा दिवा हिरवा. बटणवाल्याने आधी लिहायचं "यंत्र सुरू", मग पाहायचं की "किल्ली बंद" आहे का. नसेल तर त्याचा दिवा हिरवा.

आता तूच सांग, दोघे फसतील का? जो कुणी दुसरा असेल त्याला पहिल्याचं दिसणारच. म्हणून तर मी छातीठोकपणे म्हणत होते की एकजण खोटं बोलतोय.

पण हे कामगार घाईतले असतात. फळ्यापर्यंत जायला वेळ लागतो म्हणून ते आधी चिठ्ठी लिहून खिशात ठेवतात आणि सवड मिळाली की फळ्यावर लावतात. मधल्या वेळात फळा वाचून मोकळे. त्या दिवशी किल्लीवाल्याने "किल्ली बंद" लिहून चिठ्ठी खिशात टाकली आणि फळा पाहिला. फळा कोरा. बटणवाल्याने "यंत्र सुरू" लिहून खिशात टाकली आणि फळा पाहिला. कोरा. दोघांनी आपापला हिरवा दिवा लावला आणि मग सावकाश चिठ्ठ्या लावल्या. बटणवाल्याची आधी लागली, म्हणून नोंदवहीत तिला पहिला नंबर मिळाला. आधी कोण आणि नंतर कोण, याचं खरं उत्तर त्या नोंदवहीत नव्हतंच. ती फक्त चिठ्ठ्या कुठल्या क्रमाने लागल्या ते सांगत होती, आणि मी तिला ब्रह्मवाक्य मानलं.

कोट्यवधी वेळा असं होत नाही. पण डबा किल्ली आणि बटण दोन्ही एकाच ठोक्याला तपासतो, सेकंदाला शंभर वेळा. तुम्ही दोघे एकाच ठोक्यात सापडलात. मी टेबलावर अकरा दिवस तेच पुन्हा पुन्हा घडवून पाहिलं. तीन वेळा दोन्ही हिरवे झाले.

बटण दाबल्यावर तेलाचा दाब वाढून रोलर फिरायला चार सेकंद लागतात. मास्तरांनी हात घालायला तेवढे पुरले.

तू खरं बोलत होतास. ऑपरेटरही खरं बोलत होता. एवढी दोन वाक्यं लिहायला मला चार वर्षं लागली.

तुझी,
दीडशहाणी


६ मार्च

दादा,

चार दिवसांपूर्वी आमच्या साहेबांकडे गेले होते. दार लावून घेतलं, त्यावरूनच ओळखलं की वारं कुठल्या दिशेचं आहे. म्हणाले, "चार वर्षं झाली. मढं उकरून काय मिळणार? तुमच्या भावाला दुसरीकडे काम मिळालंच आहे ना?" मी म्हटलं, मिळालंय, गोदामात खोकी मोजायचं. ते म्हणाले, "मग?"

तुझी बहीण भांडकुदळ आहे म्हणून तू सगळीकडे सांगायचास, पण त्या दिवशी तिच्या तोंडाला कुलूप लागलं. कारण साहेबांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती आणि बोलायला लागले असते तर ती आधी बाहेर आली असती.

ती गोष्ट आता लिहिते. तीन दिवस या कागदापाशी बसते आहे.

कामगार खिशात चिठ्ठी ठेवतात हे कळलेली मी काही पहिली शहाणी नव्हे. धंद्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. त्याच्यावर उपायही आहे, एका ओळीचा. ती ओळ कामगाराला बजावते की आधी खिशातली चिठ्ठी फळ्यावर लाव, मगच फळा वाच. आमच्या प्रोग्राममध्ये ती होती. माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली.

अपघाताच्या आधी अकरा दिवस ती मी काढली.

साहेबांना वेग हवा होता, कारखान्याच्या मालकांसमोर दाखवायला. मी एकेक ओळ तपासत होते. ती पाहिली आणि मला हसू आलं. वाटलं, लिहिणं आणि वाचणं एकाखाली एक तर आहेत, वरचं आधी होणारच, मग ही चौकीदारीण मध्ये कशाला? काढली. चाचण्या सगळ्या पास. वेग वाढला, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू म्हणालास, आज स्वारीचे पाय जमिनीला लागत नाहीत.

अपघात झाल्यावर मला त्या ओळीची आठवण झाली का, असं तू विचारशील. झाली. चौथ्या दिवशी. मी स्वतःची समजूत घातली की तिचा इथे काही संबंध नाही. समजूत घालायला माझ्यासारखं हुशार माणूस शोधून सापडणार नाही.

आणि मग तुझ्या स्वयंपाकघरातली ती दुपार. ओट्यावर नोंदवहीचा कागद पसरून मी तुला ओळीवर बोट ठेवून दाखवत होते. तू सारखा म्हणत होतास, "अगं, मी फिरवली. हाताला आठवतंय." मी म्हटलं, "दादा, हाताला काय आठवतं? रोज वीस वेळा फिरवतोस, कालची आठवत असेल. यंत्र खोटं बोलत नाही. लिहून दे की विसरलो असेन. चूक कबूल केली की प्रकरण लवकर मिटेल." मग म्हणालास, "तू म्हणतेस तर तसंच असेल. यातलं तुलाच कळतं." आणि सही केलीस. पेनही माझंच होतं.

प्रकरण लवकरच मिटलं. तुला काढलं आणि मला बढती दिली.

आणखी एक कबुली, म्हणजे आजचा कोटा पुरा होईल. ती ओळ मी परत घातली आहे, गेल्या महिन्यातच, सगळ्या कारखान्यांतल्या यंत्रांत. तिथली माणसं आता सुरक्षित आहेत. पण कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "किरकोळ सुधारणा". सारवासारव करण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

तुझी


२७ मार्च

दादा,

मास्तरांकडे जाऊन आले.

तू जिथे राहायचास त्याच्या मागच्याच गल्लीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. काकूंनी दार उघडलं आणि मला ओळखून दारातच उभ्या राहिल्या. आतून मास्तर म्हणाले, "येऊ दे तिला." ते खिडकीशी बसून घड्याळ दुरुस्त करत होते. उजव्या हाताची दोन बोटं आणि डावा हात. चिमटा असा धरतात की बघणाऱ्याला वाटावं माणसाला मुळात पाच बोटं जास्तच होतात.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, फळा, काढलेली ओळ. मास्तर एकीकडे काम करत ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, जी वीज तोडते ती किल्ली. जी दुसऱ्याला कळवते ती किल्ली कसली, निरोप्या नुसता." मग घड्याळ बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "दिवा हिरवा होता, पोरी. मी पाहिला होता. हात घालण्याआधी मी दिवा बघितल्याशिवाय राहीन का?"

मी म्हटलं, "मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. मी दवाखान्यात पडलेला. कारखान्याचा साहेब कागद घेऊन आला. खाली तुझ्या भावाची सही. 'किल्ली फिरवायला विसरलो असेन.' वाटलं त्याला विचारावं, अरे, माझ्या डोळ्यांदेखत फिरवलीस तू! बावीस वर्षं सोबत काम केलं, आणि हा विसरलो म्हणून लिहून देतो? मला वाटलं, बहिणीचं यंत्र आहे, बहिणीला वाचवतोय. वाचव म्हटलं. बहिणीपुढे माझी बोटं स्वस्त झाली तुला, तर तुझं तोंड नको बघायला मला."

म्हणजे ते तुझ्याशी बोलायचे थांबले ते तू निष्काळजी होतास म्हणून नाही. तू त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं लिहून दिलंस असं त्यांना वाटलं म्हणून. आणि तुला वाटलं, बोटं गेली म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मधल्या भिंतीचं काम मी एकटीने केलं.

तिथेच त्यांना शेवटची गोष्ट सांगितली, जी तुलाही ठाऊक नाही. तुझ्या दिव्याची नोंद होती. वहीत पहिली ओळ "चालू", दुसरी "किल्ली", आणि तिसरी "मागचा दिवा हिरवा". "चालू" खरंच आधी घडलं असतं तर मागचा दिवा लागलाच नसता. नीट पाहणाऱ्या कुणालाही त्या तिसऱ्या ओळीवरून कळलं असतं की इथे पाणी मुरतंय. मलाही कळलं होतं, अर्धवट. मी ती ओळ अहवालात घेतली नाही. शेरा मारला, "असंबद्ध नोंदी वगळल्या." आणि तुझ्या ओट्यावर जो कागद पसरला तो त्या ओळीच्या वर दुमडलेला होता.

मास्तरांनी घड्याळ पुन्हा हातात घेतलं. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो मी प्यायले नाही, पिववलाच नाही. निघताना ते म्हणाले, "त्याला कळव, मास्तर विचारत होता." मग जिन्यापर्यंत आले आणि वरून म्हणाले, "आणि तू परत येऊ नकोस इतक्यात."

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल दिला. साहेबांना नाही, थेट कारखान्यांच्या सुरक्षा तपासनिसाला. काढलेली ओळ, वगळलेली ओळ, "किरकोळ सुधारणा", सगळं माझ्या सहीने. साहेब म्हणाले, मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. माझ्या पायाला त्याची सवय नव्हती, आतापर्यंत दुसऱ्यांच्याच पायावर पडायचा.

एक विचारते. मास्तर म्हणतात ते खरं आहे का? तू मला वाचवायला सही केलीस का? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. काहीही असलं तरी एक ओळ लिही.

तुझी


१५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर तेच आहे, शेवटच्या ओळी वर चढणारं. आईला वाचून दाखवलं. अर्ध्यातच तिने माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्याशी त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. मिठाचंही विचारलं नाही.

खरं सांगते, तू "हो, तुला वाचवायलाच" असं लिहिलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. मोठ्या मनाचा भाऊ आणि त्याच्या उपकाराखाली दबलेली बहीण, यात राहायला मला जमलं असतं. पण तू लिहिलंस, "वाचवायचं वगैरे डोक्यातही आलं नाही. तू सांगितलंस म्हणून मला तसंच वाटायला लागलं. आधी वाटायचं फिरवली. मग वाटायला लागलं, फिरवली असं नुसतं वाटलं."

पुढच्या ओळी मला पाठ झाल्या आहेत. चार वर्षांत तू पाना हातात धरला नाहीस. घराचं कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातोस आणि परत येऊन ओढून बघतोस, दोन-दोनदा. पोरगा नऊ वर्षांचा झाला तरी त्याला सायकल येत नाही, कारण तू शिकवली नाहीस. "सीट धरली आहे असं मला वाटेल आणि धरलेली नसेल."

मला वाटत होतं, मी तुझी नोकरी घालवली. मास्तर घालवले. त्या दोन्हीचा हिशेब मी मनात मांडून ठेवला होता आणि माफी कशी मागायची तेही ठरवून ठेवलं होतं. याचं काय करायचं ते मला कळत नाही. याची माफी मागायचं तोंड मला नाही. तू माफ करूही नकोस.

बाहेरचं थोडक्यात. तपासनिसांनी तुझा जबाब रद्द केला आहे, त्यांचं पत्र तुला वेगळं येईल. मला कामावरून थांबवलंय, पुढे चौकशी आहे. तिथे मी जे घडलं ते सांगेन. मास्तरांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला, तुला न विचारता.

तू शेवटी फक्त एक प्रश्न विचारलास, "नक्की ना? मी फिरवली होती ना?" त्याचं उत्तर देते, आणि या वेळी पूर्ण कागद सोबत ठेवते आहे, न दुमडता.

दोन वेगळ्या कामगारांत आधी कोण आणि नंतर कोण, हे कधी कधी जगात कुणालाच सांगता येत नाही. तू आधी की ऑपरेटर आधी, ते मला माहीत नाही, तपासनिसालाही कधी कळणार नाही. पण एकाच कामगाराने एकामागून एक केलेल्या कामांचा त्याच्या स्वतःच्या लेखी क्रम पक्का असतो. तो कधी उलटत नाही. तुझ्या बाजूच्या ओळींखाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे. "किल्ली बंद." तिच्याखाली "मागचा दिवा हिरवा." किल्ली फिरल्याशिवाय तो दिवा लागत नाही. आणि दिवा लागल्याशिवाय मास्तर हात घालत नाहीत.

हो, दादा. फिरवली होतीस. मास्तरांना सांगण्याआधी, तुझ्याच हाताने, बरोबर फिरवली होतीस. तुझ्या हाताला ते आठवत होतं आणि ते खरं होतं.

पोराला सायकल शिकव. सीट धरली आहे असं तुला वाटेल तेव्हा ती धरलेलीच असेल.

तुझी बहीण